मैदान आधी, प्रेक्षक नंतर

मंडळी, दिवाळीच्या फराळाला सगळे जमलो होतो, तेव्हाची गोष्ट. माझा पुतण्या (हा ब्लॉग वाचतो, म्हणून नाव लिहीत नाही) चकली मोडत म्हणाला, "काका, मुलींच्या खेळाला प्रेक्षकच नसतात. जो खेळ कमावतो त्याच्यावरच खर्च करावा. सरळ हिशेब आहे." सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी गप्प बसलो. उत्तर आज देतो.

माझी मुलगी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात राहते. तिच्याकडे गेलो की तिथल्या विद्यापीठाच्या मुलींचा सॉफ्टबॉल मीही टीव्हीवर बघत बसतो. बेसबॉलसारखाच खेळ, पण चेंडू मोठा, मैदान लहान आणि हात खालून फिरवून चेंडू टाकायचा. या संघानं २०२१ ते २०२४ अशी ओळीनं चार वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याआधी हे कुणालाही जमलं नव्हतं. २०२३ साली तर ६१ सामने जिंकले आणि हरला फक्त एक. अंतिम फेऱ्या ओक्लाहोमा सिटीत होतात, तिथं एकेका वेळी बारा हजारांवर माणसं जमतात. म्हणजे प्रेक्षक नाहीत हे काही खरं नाही.

पण बाबा रे, ही माणसं पहिल्या दिवसापासून आली नव्हती. पॅटी गॅसो या बाई १९९५ च्या हंगामात प्रशिक्षक म्हणून आल्या, तेव्हा विद्यापीठाच्या आवारात संघाला मैदानच नव्हतं. सामने गावातल्या सार्वजनिक बागेत. रात्री खेळून गेलेल्या हौशी लोकांचे बियरचे डबे उचलायचे आणि मग सराव सुरू करायचा, असं त्या स्वतः सांगतात. तेव्हा कुणी तुझा सरळ हिशेब मांडला असता तर संघ तिथंच संपला असता. १९९८ साली आवारात हक्काचं मैदान झालं. २००० साली पहिलं विजेतेपद आलं. केवळ मैदानानं करंडक मिळतो असं मी म्हणत नाही. बाईंची जिद्द आणि मुलींचा घाम आहेच. पण घाम गाळायला जागा तर हवी?

ही जागा कुणी दयेनं दिली नाही. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, 'टायटल नाइन'. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं स्त्री-पुरुष भेद करायचा नाही. मूळ कलम ३७ शब्दांचं, त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पॅट्सी मिंक या हवाईच्या खासदारबाईंनी त्यासाठी फार झटून काम केलं. आणि दोनच वर्षांत, १९७४ साली, टेक्सासच्या जॉन टॉवर या सिनेटरनं सुचवलं की जे खेळ कमाई करतात त्यांना या कायद्यातून वगळा. बघ, तुझा हिशेब पन्नास वर्षं जुना आहे! ती सूचना टिकली नाही म्हणून बरं. तरी कायदा असूनही १९९० साली याच विद्यापीठानं मुलींचा बास्केटबॉल संघ बंद केला होता. ओरड झाल्यावर आठवड्याभरात परत सुरू करावा लागला.

आता माझी कबुली. मी ज्या शाळेत शिकवलं तिथं खेळाच्या तासांचं वेळापत्रक बरीच वर्षं मीच करत असे. मैदान मुलांना, मुलींना व्हरांड्यात लंगडी नाहीतर रांगोळी. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. "मुली कुठं खेळायला मागतात?" असं मीच म्हणायचो. एकदा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला कुणी विचारलं तरी का?" मी तिला वर्गात बसवलं. ती आज पन्नाशीला आली असेल. तिचं वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

हे सगळं जुनं झालं, असंही समजू नकोस. जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं तडजोड मान्य केली. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत. जुन्या थकबाकीच्या वाटणीत मात्र सुमारे ९० टक्के हिस्सा पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉलकडे. कारण? ते कमावतात! त्याविरुद्ध मुलींनी अपील केलं, आणि बरं केलं. कुणाला आधी मैदान दिलं, कुणाला बाग दाखवली, ते विसरून कमाई मोजायची याला मी हिशेब म्हणत नाही. गणिताच्या पेपरात मी याला शून्य दिलं असतं.

असो. पुतणेसाहेब, तुमची लेक यंदा पाचवीत गेली. तिच्या शाळेत मैदान कुणाला मिळतं, एवढं विचारून या. मग पुढच्या दिवाळीत बोलू. चकल्या मी तळून ठेवतो.