‘सोप्या इंग्रजीत, थोडक्यात सांग’



एआयमुळे मुलांची डोकी बंद पडतात, त्यांच्या हातातला मोबाइल आधी काढून घ्या, असं आपल्यातली बरीच वडीलधारी मंडळी म्हणतात. मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आहे. माझं मत थोडं निराळं आहे.

बेळगावात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल पीयूसी सायन्सला गेलं, की एका जून महिन्यात त्याचं सगळं इंग्रजी होऊन जातं. कालपर्यंत हात वर करणारी मुलं गप्प बसायला लागतात. वर्गात विचारायची लाज वाटते, ट्यूशन सगळ्यांना परवडत नाही. चॅटजीपीटीला मात्र तेच सात वेळा विचारलं तरी ते वैतागत नाही. ही सोय मी तरी या मुलांकडून काढून घेणार नाही.

पण विचारायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. रविवारी उपासनेनंतर आमच्या शेजारची एक मुलगी माझ्याकडे येते. परवा ती म्हणाली, “बाई, ऑस्मोसिस काही केल्या डोक्यात शिरत नाही.” तिने एआयला ‘सोप्या इंग्रजीत, थोडक्यात सांग’ असं लिहिलं होतं. उत्तर आलं एका ओळीचं: पाणी जिथे जास्त असतं तिथून कमी असतं तिकडे जातं. तिने ते पाठ केलं, चाचणीत लिहिलं, आणि मार्क गेले. का, ते तिला कळेना.

त्या ओळीतून पडदाच गायब होता! पाण्याला वाट देणारा आणि त्यात विरघळलेल्या मिठा-साखरेला अडवणारा पडदा हाच तर ऑस्मोसिसचा जीव. थोडक्यात सांगताना नेमका तोच गळला. सोपं आणि थोडकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एका दमात मागतो.

मग आम्ही दोघींनी मिळून पुन्हा लिहिलं. ती दहावीपर्यंत मराठीत शिकली आहे, हे आधी सांगितलं. वाक्यं छोटी हवीत, शब्द सहावीच्या मुलाला कळतील असे हवेत, पण पुस्तकातला शास्त्रीय शब्द गाळायचा नाही, त्याचा अर्थ तिथेच द्यायचा. स्वयंपाकघरातलं एक उदाहरण हवं. आणि शेवटी, याला मराठीत काय म्हणतात? (सुरुवातीचं ‘फार छान प्रश्न विचारलात’ वगैरे नको, हेही मी लिहायला लावलं. त्या कौतुकाचा मला कंटाळा येतो.)

या वेळी दहा-बारा ओळी आल्या. पाण्यात टाकलेली मनुका फुगते, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं. शेवटच्या ओळीत मराठी शब्द होता, परासरण. पोरगी ओरडलीच, “अहो बाई, हे तर मला येतं!” शाळेत ती ते शिकली होती. विषय जुनाच होता, फक्त नाव नवं होतं. ते न कळल्यामुळे बिचारी दोन महिने स्वतःला मठ्ठ समजत होती.

एआय चुकीचंही तितक्याच ठामपणे सांगतं, म्हणून पाठ्यपुस्तक शेजारी उघडं ठेवायला मी सांगते. शिवाय मोबाइल पालथा ठेवून मला तेच आपल्या इंग्रजीत सांगायचं. व्याकरण चुकलं तरी चालेल, पडदा विसरायचा नाही.

आमच्या तरुण संघाला माझी एक विनंती आहे. दहावीच्या निकालानंतर कॉलेज सुरू होईपर्यंत मुलं घरी मोकळीच असतात. तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांना बसवावं. एका बाजूला दहावीचं मराठी विज्ञान, दुसऱ्या बाजूला पीयूसीचं पुस्तक, मध्ये एक मोबाइल. दोन शिक्षक पुरेत. त्यातली एक मी येईन.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव