स्टेंटनंतरचं ‘हार्ट रिस्क पॅकेज’: कशासाठी?

अँजिओप्लास्टी झालेला माणूस आधीच धास्तावलेला असतो. त्यात लॅबची जाहिरात येते, की रक्त द्या आणि पुढच्या हार्ट अटॅकचा धोका ओळखा. मग दहा पानी रिपोर्ट घेऊन तो माझ्याकडे येतो. होमोसिस्टीन आणि एचएस-सीआरपी ठळक अक्षरात, म्हणून सगळं घर काळजीत. त्याच रिपोर्टमध्ये एलडीएल 96 असतं. ते लॅबच्या मर्यादेत बसतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

खरी काळजी त्या 96 ची करा! छापील मर्यादा निरोगी माणसासाठी असते. स्टेंट बसलेल्यांचं एलडीएल 55 च्या खाली हवं, असं युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक सूचना 2019 पासून सांगते. ‘नॉर्मल आलंय, गोळी बंद करू का?’ हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. अहो, ते गोळीमुळेच खाली आलंय.

आता त्या ठळक आकड्यांकडे येऊ. होमोसिस्टीन फॉलिक अॅसिड आणि बी-12 ने उतरतं, यात वाद नाही. नॉर्वेमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 3,749 रुग्णांवर हे करून पाहिलं. होमोसिस्टीन 27 टक्क्यांनी उतरलं, पण पुढचे अटॅक काही कमी झाले नाहीत. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. तरीही ही तपासणी पॅकेजमध्ये आहेच, आणि तिच्या पाठोपाठ व्हिटॅमिनच्या महागड्या गोळ्याही.

एचएस-सीआरपीला मी टाकाऊ म्हणणार नाही. हजारो रुग्णांचा एकत्र विचार केला, तर ते ज्यांचं जास्त असतं त्यांना धोकाही जास्त असतो. पण तुमच्या एकट्याच्या रिपोर्टमध्ये ते सर्दीने, सुजलेल्या हिरड्यांनीही वाढतं. आणि मुळात स्टेंट बसला म्हणजे तुम्ही जास्त धोक्याच्या गटात आलातच. ते कळायला आणखी पैसे कशाला मोजायचे? आकडा कमी आला तर मी स्टॅटिन बंद करणार आहे का? नाही. मग तो तुमच्या काय कामाचा?

‘स्टेंट उघडा आहे ना’ हे सांगणारी रक्ततपासणी पॅकेजमध्ये नसते. छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर लॅबवाल्याला घरी बोलावू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन लगेच करतात. त्या वेळी ट्रोपोनिनला खरोखर किंमत आहे.

मग रक्त तपासायचंच नाही का? तपासायचं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर 4 ते 8 आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल. एचबीए1सी, क्रिएटिनिन. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात, म्हणून हिमोग्लोबिनही. आतल्या आत रक्त जात असेल तर ते घसरतं. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदाच करा. ते आनुवंशिक असतं, दर वर्षी करून हाती काही लागत नाही. जास्त निघालं तर एलडीएल आणखी कसोशीने खाली ठेवायचं.

सुरुवातीच्या महिन्यांत स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं एक मोठं कारण कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. दात काढायचा आहे, लग्नाला गावी गेलो, अॅसिडिटी झाली म्हणून अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल परस्पर बंद केलेलं असतं. पुढच्या वेळी येताना रिपोर्टच्या फाइलबरोबर गोळ्यांच्या अर्ध्या संपलेल्या स्ट्रिपाही आणा. मी आधी त्या मोजेन.