टॅरिफ वॉशिंग्टनचं, भाव नेवाशाचा

तुमच्या घरी कापूस असेल, तर २०२५ च्या दिवाळीत एक चर्चा झालीच असणार. ‘आत्ताच द्यायचा का थोडं थांबायचं?’ वेचणीची मजुरी द्यायचीय. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत भिजलेला कापूस घरात साठवणं अवघड. त्यात कोणाच्या तरी कॉलेजच्या फीचा हप्ता राहिलेला. आणि दारात आलेला व्यापारी हमीभावापेक्षा कमीच आकडा सांगतो. का, असं विचारलं तर त्याचं ठरलेलं उत्तर असतं : ‘वरूनच मंदी आहे.’

हे ‘वर’ म्हणजे नेमकं कुठं? नगर? मुंबई? दिल्ली? की आणखी लांब? कॉमर्सला असा, आर्ट्सला असा नाहीतर सायन्सला, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत असायला हवं. कारण ते तुमच्या घरातल्या हिशेबाचं आहे.

ऊस तालुक्यात, कापूस जगात

नेवासा तालुक्याची ओळख उसाची. सोनईला कारखाना, भेंड्याला कारखाना. उसाचा भाव कायद्यानं बांधलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये एफआरपी होती. भांडण झालंच तर ते कारखान्याच्या गेटवर होतं, आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस समोर दिसतो.

कापसाचं तसं नाही. तो जिनिंगला जातो, त्याची रुई होते, रुईच्या गाठी सूतगिरणीत जातात, सुताचं कापड होतं, कापडाचा टी-शर्ट होतो आणि तो टी-शर्ट अमेरिकेतल्या एखाद्या दुकानात टांगला जातो. म्हणजे नेवाशाच्या कापसाचं गिऱ्हाईक साखळीच्या पार दुसऱ्या टोकाला उभं असतं. तिकडं धक्का बसला की साखळीचं हे टोकही हलतं.

नेवाशाला असा लांबचा व्यापार नवा नाही. १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा रोमन काळातल्या अम्फोरा म्हणजे मद्य-तेलाच्या रांजणांचे तुकडे सापडले. त्याहून जुन्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरात तांब्याच्या मण्यांच्या माळेत कापूस आणि रेशमाच्या धाग्याचे अवशेष मिळाले. प्रवरेकाठचं हे गाव फार आधीपासून जगाच्या बाजाराशी जोडलेलं आहे. फरक एवढाच, की आज तिकडं सही झाली की इकडं भाव हलायला काही दिवस पुरतात.

ऑगस्टात काय घडलं?

अमेरिका ही जगातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था आणि भारताची सगळ्यात मोठी निर्यात बाजारपेठ. २०२४-२५ मध्ये भारतानं अमेरिकेला सुमारे ८६.५ अब्ज डॉलरचा माल विकला आणि तिच्याकडून सुमारे ४५ अब्ज डॉलरचा घेतला. ‘तुम्ही आम्हाला जास्त विकता आणि आमचा माल मात्र आयातशुल्क लावून अडवता,’ ही राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची तक्रार. त्यावरून ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के टॅरिफ लागलं. रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. झाले ५० टक्के.

औषधं आणि स्मार्टफोन यांना यातून वगळलं. मार बसला तो ज्या मालात हातांचं काम जास्त त्याला : कपडे, कोळंबी, हिरे-दागिने. तेव्हाचे शेजाऱ्यांचे आकडे बघा. बांगलादेशावर २० टक्के, व्हिएतनामवर २० आणि पाकिस्तानवर १९ टक्के. तुम्ही अमेरिकेतले दुकानदार असाल तर टी-शर्ट कोणाकडून घ्याल?

टॅरिफ भरतो अमेरिकेतला आयातदार. पण तो गप्प बसत नाही. एकतर आपल्या कारखानदाराकडं सूट मागतो, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या देशात नेतो. तमिळनाडूतलं तिरुपूर हे होजिअरीचं मोठं केंद्र. तिथल्या ऑर्डर थांबल्याच्या बातम्या ऑगस्टातच आल्या.

मग केंद्र सरकारनं वस्त्रोद्योगाला हात दिला. परदेशी कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पापासून ११ टक्के आयातशुल्क होतं. ते १९ ऑगस्टपासून माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. हेतू सरळ होता. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळाला, तर टॅरिफचा मार थोडा हलका होईल.

पण तारखा नीट वाचा. आपल्याकडं कापूस वेचायला येतो ऑक्टोबरात. बाजारात मोठी आवक होते ती ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे परदेशी कापसाला दार उघडं ठेवलं नेमकं त्याच महिन्यांत, जेव्हा नेवाशाचा, शेवगावचा, पाथर्डीचा कापूस विकायला निघतो.

वही काढा, गणित करू

टीव्हीवरच्या चर्चेत हे गणित कोणी मांडत नाही. आपण ढोबळ मांडू.

२०२५ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुईचा भाव पौंडाला ६५ सेंटच्या आसपास फिरत होता. एका किलोत २.२ पौंड. डॉलर ८८ रुपये धरला तर किलोला सुमारे १२६ रुपये. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी.

तेव्हा ११ टक्के शुल्क असतं, तर ही रुई गिरणीला किलोमागं सुमारे १४ रुपये महाग पडली असती. १४ गुणिले ३४ म्हणजे क्विंटलमागं साधारण ४७० रुपये. शुल्काची भिंत होती तोपर्यंत आपल्या कापसाचा भाव तेवढा वर राहायला जागा होती. ती जागा गेली.

दुसरा आकडा याच्या शेजारी ठेवा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ वरून ८,११० रुपये झाला. वाढ ५८९ रुपयांची. एका हातानं ५८९ दिले आणि दुसऱ्या हातानं खुल्या बाजारातले ४७० काढून घेतले, असा हा हिशेब दिसतो.

आणखी एक पायरी. १२६ रुपयांनी ३४ किलो रुईचे होतात ४,२८४ रुपये. हमीभाव गाठायला उरलेले ३,८०० रुपये ६४ किलो सरकीतून निघायला हवेत, म्हणजे सरकीला किलोला ६० रुपये मिळायला हवेत. सरकी त्याच्या जवळपासही विकत नव्हती. जहाजभाडं आणि इतर खर्च धरले तरी फार फरक पडत नाही. म्हणून व्यापारी ८,११० देत नव्हता. तो लबाड असेल किंवा नसेलही, पण तो सज्जन असता तरी हेच गणित त्याच्यासमोर असतं.

खरं सांगायचं तर सगळा दोष टॅरिफचाही नाही. जगात कापूस भरपूर आहे. ब्राझीलनं निर्यातीत अमेरिकेलाही मागं टाकलंय आणि त्यांचं एकरी उत्पादन आपल्या चौपटीच्या आसपास आहे. आपल्याकडं गुलाबी बोंडअळी, पावसाचा भरवसा नाही, वेचणीला माणूस मिळत नाही. भाव आधीपासूनच दबलेला होता. टॅरिफ आणि शुल्कमाफीनं त्यावर आणखी वजन ठेवलं.

आणि गिरणीची बाजूही खोटी नाही. तिरुपूरच्या शिलाई मशीनवर बसलेली मुलगी तुमच्याच वयाची आहे. गिरण्या बंद पडल्या तर आपला कापूस तरी कोण घेणार? प्रश्न मदत करण्याचा नाही. ती कोणाच्या खिशातून करायची, हा प्रश्न आहे.

१६० वर्षांपूर्वीचा धडा

हे एकदा घडून गेलंय, आणि आपल्याच जिल्ह्यात त्याचा शेवट झाला. तेव्हाची औद्योगिक महासत्ता होती ब्रिटन, आणि तिला कापूस पुरवणारा भागीदार होता अमेरिका. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. ब्रिटनची नजर हिंदुस्थानकडं वळली. कापसाचा भाव युद्धाआधीच्या चौपटीवर गेला. मुंबईत शेअरचा जुगार सुरू झाला. दख्खनच्या गावांत सावकार कापसाच्या पेऱ्यावर एकरी १०० रुपयांपर्यंत उचल द्यायला लागले. शेतकऱ्याला वाटलं, सोन्याचे दिवस आले.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. ब्रिटन हळूहळू पुन्हा अमेरिकन कापसाकडं वळला. मुंबईचा शेअरबाजार कोसळला, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. गावात काय झालं? भाव पडला, सावकारानं हात आखडला आणि त्याच सुमारास सरकारनं शेतसारा वाढवला. देणं तेवढंच राहिलं, घेणं आटलं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. लोण अहमदनगर जिल्ह्यात, पारनेर-श्रीगोंद्याकडं पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ‘दख्खनचे दंगे’ म्हणून जे वाचलं ते हेच. चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी कर्जदिलाशाचा कायदा आला. भाव पडल्यापासून कायदा यायला १४ वर्षं लागली. ब्रिटन आणि अमेरिकेनं आपला व्यवहार आपल्या सोयीनं केला. मधल्या काळात पारनेरच्या शेतकऱ्याखाली आधार म्हणून काहीच नव्हतं.

आधार आहे, पण दार अरुंद

आज परिस्थिती तेवढी वाईट नाही. आज हमीभाव आहे आणि तो भाव द्यायला भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय आहे. बाजार पडला तर सीसीआयनं हमीभावानं घ्यायचं, हा तो आधार. पण तिथं पोचायला पायऱ्या आहेत. ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी करावी लागते. आधार, सातबारा, पीकपेऱ्याची नोंद लागते. कापसातला ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की घेतच नाहीत. सप्टेंबरच्या पावसात भिजलेल्या बोंडांचं काय होणार, ते सांगायला नको. ज्याला आजच पैसे हवेत, तो या पायऱ्या चढत बसत नाही. तो दारातल्या वजनकाट्यावर कापूस ठेवून मोकळा होतो.

तुलनेसाठी अमेरिकेकडंच बघा. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या टॅरिफला उत्तर म्हणून चीननं अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं. तिथल्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक गेलं. तेव्हा अमेरिकी सरकारनं २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांसाठी मिळून २० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम शेतकऱ्यांना थेट दिली. ती योजना आदर्श होती असं नाही, मोठ्या शेतकऱ्यांना जास्त मिळालं अशी टीकाही झाली. पण एक तत्त्व त्यात होतं : निर्णय सरकारचा, म्हणून त्याची झळ एकट्या शेतकऱ्यानं सोसायची नाही.

आपल्याकडं हे तत्त्व अजून ठरलेलं नाही. घोडेगावच्या कांदा बाजाराला ते चांगलंच माहीत आहे. ८ डिसेंबर २०२३ ला शहरातल्या ग्राहकासाठी कांद्याची निर्यात बंद झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये गिरणीसाठी कापसाची आयात मोकळी झाली. कांद्याला बाहेर जायचं होतं तेव्हा दार लावलं, कापूस बाहेरून आत यायचा होता तेव्हा दार उघडलं. दोन्ही निर्णयांमागं कारणं होती. दोन्हींचं बिल मात्र एकाच अंगणात आलं, आणि ते भरून देण्याची सोय दोन्ही वेळा निर्णयासोबत नव्हती.

तुम्ही काय करू शकता?

टॅरिफ तुमच्या हातात नाही. पण घरातला मोबाइल बहुतेक तुमच्याच हातात असतो. तेव्हा आधी ‘कपास किसान’वरची नोंदणी झाली का, ई-पीक पाहणीत कापूस लागला का, हे आज संध्याकाळी बघा. शेजारच्या काकांचंही बघा, त्यांच्या घरात हे काम करणारं कोणी नसेल. ओला आणि कोरडा कापूस वेगळा ठेवायला सांगा. एका भिजलेल्या गाठोड्यापायी सगळ्या गाडीचा भाव जातो.

दुसरं, एका वहीत दर आठवड्याला चार आकडे लिहा : न्यूयॉर्कचा रुईचा भाव, डॉलरचा दर, आयातशुल्क आणि आपल्या गावात व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव. अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही. दोन महिन्यांत तुम्हाला दिसेल, की भाव पडण्यात जगाचा वाटा किती, दिल्लीचा किती आणि दारातल्या काट्याचा किती. ‘वरूनच मंदी आहे’ म्हणणाऱ्याला मग आकड्यानं विचारता येईल.

आणि तिसरं, २०२५ मध्ये भारत-अमेरिका व्यापार कराराची बोलणी सुरू होती. अमेरिकेला आपल्या शेतमालासाठी भारताचा बाजार आणखी उघडून हवा होता. असा करार होतो तेव्हा बातमीत टॅरिफ किती टक्क्यांवर आलं, हे मोठ्या अक्षरात येतं. तुम्ही खालच्या ओळी वाचा. त्या बदल्यात काय दिलं, कोणत्या पिकाचं दार उघडलं आणि ज्यांचं नुकसान होणार त्यांच्यासाठी काय ठेवलं? आपल्या खासदार-आमदारांना मत मागायला आल्यावर विचारायचा प्रश्नही हाच आहे.

शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. अशी माफी पुन्हा कधी येते, याकडं लक्ष ठेवा. त्या आठवड्यात नेवाशात कापूस काय भावानं गेला, तेही वहीत लिहून ठेवा.