दिवे लावले म्हणजे झाले?

2012 साली जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते झाले. त्यानंतर गप्पा रंगल्या त्या 'नाइट लँडिंग'च्या. अहो, दिवे अंधारात दिसतात, दाट धुक्यात नाहीत! तिथे लागते आयएलएस. धावपट्टीपलीकडच्या अँटेनातून रेडिओलहरींवर दोन सूर येतात, 90 आणि 150 हर्ट्झचे. दोन्ही सारखे तर विमान मध्यरेषेवर. एक वरचढ तर बाजूला सरकलेले. साधारण 3 अंशांचा उतार दाखवणारा अँटेना वेगळा. धुळ्याच्या गोंदूरला विमान शिकणाऱ्या पोरांनाही हे ठाऊक असते. यंत्रे परवडत नाहीत म्हणाल, तर उपग्रहाचे 'गगन' आहे. राजस्थानात किशनगडला 2022 साली इंडिगोचे एटीआर त्यावर उतरले. हे मागायचे सोडून, धुक्यात विमान परत नेणाऱ्या वैमानिकाला कसल्या शिव्या देता? त्यात आपलीच लेकरे बसलेली असतात.