'टेनेट' कळला का?

ख्रिस्तोफर नोलनच्या 'टेनेट'बद्दल प्रेक्षकांत दोनच पक्ष उरले आहेत. एक म्हणतो, डोक्यावरून गेला. दुसरा म्हणतो, पुन्हा एकदा पाहा. पहिला जरा ओशाळलेला असतो, दुसरा तोऱ्यात. आमचे मत, निदान अर्धे तरी, ओशाळलेल्यांना.

मूळ कल्पना काही तितकी अवघड नाही. यंत्रात बसून थेट मागच्या शतकात उतरायचे, असला मामला इथे नाही. माणूस 'उलटा' होतो आणि त्याच्यापुरता काळ मागे वाहू लागतो. आठवडाभर मागे जायचे तर आठवडाभर उलटे जगावे लागते. त्याच्या फुफ्फुसांना सुलटी हवा चालत नाही, म्हणून तोंडावर मुखवटा. आगीत सापडला तर भाजायच्याऐवजी गारठतो. दहावीतल्या पोराला पाच मिनिटांत समजावता येईल. पण समजावणारे संवाद कानावर पडले पाहिजेत ना! लुडविग गोरान्सनचे संगीत छातीवर आदळत असते, पात्रे मुखवट्याआडून बोलतात, आणि संवाद मागाहून स्टुडिओत भरण्यापेक्षा चित्रीकरणावेळचाच आवाज ठेवणे नोलनला पसंत. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्या ब्रिटन-अमेरिकेतल्या प्रेक्षकांनीही शब्द कळत नाहीत म्हणून कुरकुर केली. मग आपल्या माणसाने स्वतःच्या अकलेला बोल का लावावा? घरी सबटायटल लावून पाहिले की निम्मे कोडे आपसूक सुटते. उलट 1984च्या 'टर्मिनेटर'मध्ये भविष्यातून आलेला रीस सारा कॉनरला सगळी भानगड सांगतो ती जीव घेऊन पळताना, गाडीत. त्यातले अक्षरही निसटत नाही.

आपल्याकडे 'टेनेट' लागला डिसेंबर 2020मध्ये. महाराष्ट्रातली चित्रपटगृहे निम्म्या खुर्च्यांवर नुकतीच उघडली होती. पडद्यावर मुखवटे आणि खुर्च्यांतही मास्क. मुंबईकरांनी गेटवे आणि कुलाबा ओळखून तिकिटाचे पैसे वसूल केले. शिवाय शस्त्रांचा धंदा करणारी डिंपल कापडियाची प्रिया होतीच. अख्ख्या चित्रपटात जिचे वाक्य न वाक्य नीट ऐकू येते अशी ती एकटीच, असे आम्हाला वाटते. त्यात थोडा गावाभिमान असेल, तर असू दे.

'पुन्हा पाहा' म्हणणाऱ्यांचेही सगळेच खोटे नाही. ऑस्लो विमानतळाच्या गोदामातली मारामारी घ्या. नायक एका मुखवटेवाल्याशी झुंजतो, त्या माणसाच्या हालचाली विचित्र, मागे मागे जाणाऱ्या. पुढे कळते की तो नायक स्वतःच होता, आणि तीच झुंज आपण दुसऱ्या टोकाकडून पाहतो. (गुपित फोडल्याचा राग इतक्या उशिरा कोणी धरू नये.) ही करामत दुसऱ्या खेपेला जास्त रंगते, आणि बाहेर इमारतीवर घातलेले 747 विमान खरेखुरे आहे, हे माहीत असले की आणखीच. फक्त एका तिकिटात एक चित्रपट पुरा मिळावा, ही अपेक्षा अडाणीपणाची नव्हे.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. कळला की नाही, या वादात दोन्ही पक्ष अडकतात आणि नोलन अलगद सुटतो. खलनायकाची बायको कॅट, तिची सारी तडफड मुलासाठी, पण तो मुलगा आपल्याला दिसतो तो लांबून नाहीतर पाठमोरा. नायकाला नाव नाही, घर नाही, मागचे काही नाही. शेवटच्या लढाईत लाल-निळ्या तुकड्या गोळ्या झाडत सुटतात. समोर शत्रू कोण, ते धड दिसत नाही. एवढ्या धुराळ्यानंतर नायकाचा साथीदार नील निरोप घेतो तेव्हा मात्र घसा दाटतो. दोघांची मैत्री आपण पाहिलेली नसते. ती नायकाच्या पुढच्या आयुष्यात व्हायची आहे आणि नीलची जगून झालेली आहे. रॉबर्ट पॅटिन्सन ती नुसत्या हसण्यातून उभी करतो. हे दृश्य पहिल्याच खेपेला कळते, कागदावर बाण काढून कोणी समजावावे लागत नाही.