बुश मेला, नॉब बदलला

हळदीचे पैसे हातात आले की आमच्या हिंगोलीत गाड्यांना दागिने चढतात. मार्केट यार्डात काटा होतो, पट्टी मिळते आणि काही दिवसांत जुन्या स्विफ्टचा मूळ गिअर नॉब जाऊन तिथं चकचकीत स्टीलचा गोळा, कवटी, नाहीतर आत दिवा पेटणारा काचेचा दांडका बसतो. खिसा जरा जड असेल तर ‘शॉर्ट शिफ्टर’सुद्धा. मी गिअरबॉक्सची कामं करणारा माणूस आहे. या गाड्या शेवटी माझ्याच रॅम्पवर येतात. मालक म्हणतो, ‘‘एवढा खर्च केला तरी दुसरा गिअर कडकडतोच.’’ कडकडणारच! खर्च झाला तो दिसणाऱ्या भागावर, आणि झिजलं होतं ते खाली.

राग पोरांवर कमी, त्यांना हा माल विकणाऱ्यांवर जास्त आहे. शॉर्ट शिफ्टर म्हणजे काय हे दुकानदार सांगत नाही, म्हणून मी सांगतो. गिअरचा दांडा एका टेकूवर झुलतो. टेकूच्या वरचा आणि खालचा भाग किती, हे प्रमाण बदललं की हाताची हालचाल आखूड होते. पण हालचाल जितकी घटते, तितका हाताला जोर जास्त लावावा लागतो. तरफेचा हा नियम शाळेत शिकवतात आणि कुठल्याही पार्टवाल्याला तो मोडता येत नाही. गिअरबॉक्समध्ये फोर्कला जेवढं सरकायचं तेवढंच तो सरकतो. म्हणजे पेटीला काहीही मिळालेलं नसतं.

पेटीच्या आत पितळी सिंक्रो रिंग असते. गिअर पडण्याआधी ती शेजारच्या गिअरच्या कोनावर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच स्लीव्हला आत जाऊ देते. या कामाला तिला निमिषभर वेळ लागतो. दांडा आखूड झाला म्हणून तो वेळ कमी होत नाही. तुम्ही मात्र झटका मारायला लागता, आणि आधीच झिजलेली रिंग आणखी झिजते. होंडाची एस2000, माझदाची एमएक्स-5 या गाड्यांचा दांडा कारखान्यातूनच आखूड चालीचा आला, कारण त्यांची पेटी, क्लच, इंजिन सगळं त्या हिशेबानं घडवलेलं होतं. त्यांचा तोरा पंचर काढून दमलेल्या आपल्या डिझेल गाडीवर चढवणं म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्यावर सोनेरी काडीचा चष्मा लावणं.

मग दांडा ढिला का वाटतो? बहुतेक वेळा बुशमुळे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आडवं बसलेलं असतं, आणि दांड्याची हालचाल पेटीपर्यंत केबल नाहीतर रॉड नेतो. त्याच्या सांध्यांवर रबराचे, नायलॉनचे लहान बुश असतात. आपल्याकडची धूळ, चिखल आणि उष्णता त्यांना खाते. बुश मेला की गिअरमध्ये असतानाही दांडा डावी-उजवीकडे हलतो, तिसऱ्यात टाकायला जावं तर पहिला लागतो. बुशाला काही शे रुपये लागतात. नॉबच्या किमतीत सगळे बुश बदलून वर चहापाणी होतं! पण बुश कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून काचेच्या कपाटात तो कोणी मांडत नाही.

पैसे मोजण्याआधी घरच्या घरी तपासा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत मऊ पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी तिकडे बघा. बंद गाडीतही जड जातात, तर केबल किंवा सांधे गेले. एकच गिअर, विशेषतः दुसरा, कडकडतो, तर सिंक्रो. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की दांडा उड्या मारतो किंवा गिअर सुटतो, तर इंजिनाचे माउंटिंग बघा. यातल्या कुठल्या रोगावर नवा नॉब औषध आहे, ते मला विकणाऱ्यानं समोर येऊन सांगावं.

ऑईलबद्दल माझ्याच धंद्यातल्या लोकांना बोलावं लागेल. बोलेरोसारख्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला जीएल-5 ऑईल लागतं, कारण तिथल्या दात्यांवर दाब प्रचंड असतो. गिअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत जीएल-4 सांगितलेलं असतं. जीएल-5 मधली गंधकयुक्त रसायनं गरम झाली की पितळाला त्रास देऊ शकतात, आणि सिंक्रो रिंग पितळीच असते. तरीही एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतणारे मिस्त्री आहेत. मॅन्युअलचं पान उघडायचे कष्ट नकोत! गिऱ्हाइकाचा गिअर वर्षभरात जड झाला की हेच लोक त्याला शिफ्टर बदलायचा सल्ला देतात. हा निव्वळ हरामाचा पैसा आहे.

बाहेरचा पार्ट वाईटच, असं मी म्हणत नाही. केबलच्या टोकाला चांगल्या मापाचा पितळी बुश घातला तर दांडा ताठ होतो, वर्षानुवर्षं टिकतो. ती खरी सुधारणा. पण ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ म्हणून विकलेला नॉब माझ्यासमोर आणू नका. डस्टरमध्ये रिव्हर्ससाठी दांड्यावरची रिंग वर उचलावी लागते, पोलोत दांडा खाली दाबावा लागतो. असल्या नॉबवर बहुधा गिअरचा नकाशाही नसतो. घरातल्या दुसऱ्या माणसानं गाडी घेतली तर रिव्हर्स कुठं, ते त्यानं कुणाला विचारायचं? आणि मे महिन्यात पारा 42 च्या वर गेल्यावर उन्हात उभ्या गाडीतला स्टीलचा गोळा हातात धरता येत नाही.

हा सगळा हौसेचा मामला असता तर मी गप्प बसलो असतो. वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे जाणारा ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि तुम्ही ओव्हरटेकला निघालेले. चौथ्यातून तिसऱ्यात यायचंय, समोरून ट्रक येतोय आणि दांडा न्यूट्रलमध्येच खेळतोय. त्या क्षणी चमकणारा नॉब कुणाचा जीव वाचवणार?

याहून वाईट धंदा जुन्या गाड्यांच्या बाजारात चालतो. पुण्या-हैदराबादेकडून आणलेली गाडी ट्रॅफिकमध्ये क्लच-गिअर झिजवून आलेली असते. मीटर मागे फिरवता येतं, पण झिजलेला नॉब, पॅडलचं गुळगुळीत रबर आणि तुळतुळीत स्टिअरिंग खरं बोलतात. म्हणून विक्रेता आधी तेच बदलतो. नवा नॉब ही तिथं सजावट नसते, पुरावा नष्ट करणं असतं. शेतकऱ्याच्या वर्षाच्या हळदीवर हा दरोडा आहे, आणि कायदा इथं लगेच धावून येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीच्या तपशिलात फरक पाडणाऱ्या बदलांना हात घालतं. नॉब त्यात बसत नाही.

म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी, इंजिन गार असताना जा. स्वतः चालवा, दुसरा गिअर आणि रिव्हर्स पुन्हा पुन्हा टाकून बघा. नॉब नवा दिसला तर जुना मागा. तो दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर पैसे खिशात ठेवा आणि तिथून निघा.