पश्चिमेची खिडकी



गेल्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिलं, तेव्हा पुढचा विषय ठरलेला नव्हता. तो निपाणीहून, आमच्या फॅमिली ग्रुपवर आपणहून चालत आला.

निपाणीत काकांच्या नव्या घराचं काम चाललंय. जुनं कौलारू घर उतरवलं, खालच्या मजल्याचा स्लॅब पडला आणि आता खिडक्यांची मापं द्यायची वेळ आली. नेमक्या त्याच आठवड्यात स्टुटगार्टला असलेल्या चुलतभावानं त्याच्या फ्लॅटचा फोटो टाकला. जमिनीपासून छतापर्यंत काच, चौकट म्हणजे नुसती काळी रेघ, बाहेर बर्फ, आत हा हाफ टीशर्टवर कॉफी पितोय. खाली लिहिलेलं, ‘एनर्जी एफिशियंट विंडो, हीटरचं बिल निम्मं.’ काकांनी फोटो पाहिला आणि मला फोन केला. "तू इंजिनिअर आहेस न्हवं? मग सांग की, हे आपल्याकडं बसवायचं काय?"

मी सॉफ्टवेअरवाला. विंडो म्हटलं की मला वेगळंच काही आठवतं. पण या प्रश्नाला एक दुसरी बाजू होती. आज्जीला आता जिना चढवत नाही, म्हणून तिची खोली खालीच काढलीय, आणि खाली उरलेली खोली नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातली. म्हणजे दुपारनंतरचं सगळं ऊन तिथं. गेल्या एप्रिलात तिला उन्हानं घेरी येऊन दोन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं होतं. तेव्हा ‘बिल निम्मं’ या दोन शब्दांवर विसंबून तिच्या खोलीला काच लावायची माझी तयारी नव्हती. दोन रविवार घालवून हिशोब केला.

आधी जर्मनीची बाजू समजून घेऊ, कारण ती खोटी नाही. बाहेर उणे 5 अंश आणि आत 20 अंश असतील, तर खिडकीच्या दोन बाजूंत 25 अंशांचा फरक. साध्या एकेरी काचेतून 1 अंश फरकाला दर चौरस मीटरमागे साधारण 5.7 वॅट उष्णता निसटते. म्हणजे रात्रभर, प्रत्येक चौरस मीटरला 140 वॅट बाहेर. दोन काचांमध्ये हवा कोंडली की ही गळती निम्म्यावर येते. मध्ये आर्गॉन वायू भरला आणि काचेला धातूचा अदृश्य लेप दिला, तर आणखी निम्म्यावर. डार्मस्टाटला 1991 मध्ये लोक राहायला गेले ते पहिलं पॅसिव्ह हाउस, तिथपासून त्यांनी हा आकडा 0.8 पर्यंत खाली आणलाय, तीन काचा लावून. काच इतकी सुधारल्यावर खिडकीतला सगळ्यात गळका भाग कुठला उरला? चौकट. म्हणून ती बारीक करा, काच वाढवा. वर हिवाळ्यातलं जे थोडं ऊन मिळतं तेही जास्त आत येईल. हा तर्क त्या हवेत चोख आहे.

आता तोच तर्क निपाणीला आणू. एप्रिलातली दुपार, बाहेर 37, आत 29. फरक फक्त 8 अंशांचा. 5 फूट बाय 4 फूट खिडकी धरली तर एकेरी काचेतून या फरकामुळं आत येणारी उष्णता सुमारे 85 वॅट. डबल काच लावून ती निम्मी केली, तर वाचले चाळीसेक वॅट.

आणि ऊन? एप्रिलच्या मध्यावर, स्वच्छ आकाश असताना, साडेचारच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला 600 वॅटच्या आसपास ऊन थेट पडत असतं. साधी काच त्यातलं 80 टक्के आत सोडते. एसटी स्टँडबाहेर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसताना जे होतं तेच इथं होतं. ऊन काचेतून आत येतं, गादी-भिंती तापवतं, आणि तापलेल्या वस्तूंची उष्णता त्याच काचेतून परत जाऊ शकत नाही.

त्याच खिडकीत नेहमीचं स्लायडिंग बसवलं, चारी बाजूंना 80 मिलिमीटर आणि मधोमध 50 मिलिमीटर सेक्शन धरला, तर काच उरते भोकाच्या 75 टक्के. बारीक चौकटीत हेच आकडे 40 आणि 20 धरा, काच होते 87 टक्के. पहिल्या खिडकीतून उन्हाचे अंदाजे 670 वॅट आत येतील, दुसरीतून 780. घरातली साधी इस्त्री 750 वॅटची असते. म्हणजे आज्जीच्या खोलीत रोज दुपारी एक इस्त्री चालू ठेवायची, आणि चौकट बारीक केली तर जरा मोठी इस्त्री.

काका म्हणाले, "मग डबल काच घालू की. पैसे जाऊदेत."

डबल पांढरी काच उन्हाला जेमतेम दहा-बारा टक्के अडवते. गळतीचे चाळीस वॅट वाचतील, पण त्या इस्त्रीचं फारसं काही होणार नाही. ऊन अडवणारी वेगळी लेपाची काच मिळते, ती उष्णता निम्म्यावर आणते. पण त्यात एक मेख आहे. दुकानात ‘हीट रिफ्लेक्टिव्ह’ म्हणून जी काळी-निळी आरशासारखी काच आधी पुढं करतात, ती उन्हाबरोबर उजेडही खाते, आणि मग भर दुपारी ट्यूबलाइट. म्हणून विचारायचे आकडे दोन, उष्णता किती टक्के आत येते आणि उजेड किती टक्के. ‘इको निवास संहिता’ म्हणून घरांसाठीचे केंद्र सरकारचे निकष 2018 मध्ये आले. त्यांत खिडक्या भिंतीच्या 30 टक्क्यांपर्यंत असतील तर काचेतून किमान 27 टक्के उजेड आला पाहिजे असं म्हटलंय. काकांचा प्लॉट छोटा, त्यांना ही संहिता लागू नाही. पण घर बांधणाऱ्यानं वाचावं असं त्यात बरंच आहे.

मग छज्जा वाढवायचा का? हे मी कागदावर नाही, छोटा प्रोग्रॅम लिहून बघितलं, कारण तेवढंच मला धड येतं. निपाणीला सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मधले तीन महिने तो दुपारी उत्तरेकडून जातो. दक्षिणेच्या खिडकीला 2 फुटांचा छज्जा असेल, तर मार्चअखेरीस भर दुपारी अख्खी खिडकी सावलीत राहते, आणि डिसेंबरात वरच्या सव्वादोन-अडीच फुटांवरच सावली, खालून कोवळं ऊन आत. अगदी हवं तसं. तोच 2 फुटांचा छज्जा पश्चिमेला लावला, तर एप्रिलात साडेचारला सूर्य क्षितिजापासून 31-32 अंशांवरच असतो, आणि छज्ज्याची सावली पडते खिडकीच्या वरच्या सव्वा फुटावर. बाकी खिडकी उघडी. तिथं छज्जा पावसासाठी, उन्हासाठी नाही.

"मग पश्चिमेची खिडकीच नको," काकूंनी निकाल दिला. मीही आधी हेच म्हणणार होतो. पण आपल्या भागात राहिलेल्याला ठाऊक आहे, उन्हाळ्यात दिवस कलला की वारं कुठून सुटतं. घाटाकडून, पश्चिमेकडूनच. ती खिडकी बुजवली तर आज्जीची संध्याकाळ आणि रात्र पंख्याच्या गरम हवेत जाणार.

वारा हा शब्द निघाला म्हणून स्लायडिंगबद्दल बोलतो. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही मोठी घ्या, उघडते निम्मीच. दरवाजासारखी उघडणारी उघडते 90 टक्के. त्या संहितेत घराच्या चटई क्षेत्रफळाच्या किती टक्के भाग उघडता यावा हेही दिलंय. बेंगळूरसारख्या समशीतोष्ण हवेत 12.5 टक्के, मुंबईसारख्या दमट हवेत 16.66. आज्जीची खोली 120 चौरस फूट, म्हणजे 15 ते 20 चौरस फूट उघडं हवं. 5 बाय 4 चं स्लायडिंग देतं 10. तेवढ्याच भोकात उघडझापीची खिडकी देते 18. काचेची चौकट एक इंचानं बारीक करण्यावर जेवढी चर्चा होते, तेवढी याच्यावर का होत नाही, मला समजत नाही.

पावसाचा अनुभव माझा स्वतःचा. बेळगावातल्या माझ्या फ्लॅटला हौसेनं बारीक चौकटीचं स्लायडिंग बसवलं. पहिल्याच जुलैत सकाळी उठलो तर पलंगाखाली पाणी. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. बसवणाऱ्यानं ती सिलिकॉननं व्यवस्थित बुजवली होती, आणि खालचा दगड बाहेर उतरता असायचा तो आत उतरता. आपला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. तेव्हा फॅब्रिकेटरला कॅटलॉग विचारण्याआधी दगडाचा उतार विचारा, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी बोटभर खाच आहे का ते गवंड्याला विचारा. आणखी एक. 5 मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, डबल केली की पंचवीस. ते वजन बारीक चौकटीवर आणि तिच्या चाकांवर येतं. स्वस्तात बारीक चौकट म्हणजे दोन वर्षांत न सरकणारी खिडकी.

चौकट कशाची? ॲल्युमिनियम ताकदीचं, म्हणून बारीक होऊ शकतं, पण उष्णता लाकडाच्या सुमारे हजारपट वाहून नेतं. चांगल्या सेक्शनमध्ये मधे प्लास्टिकची पट्टी घालून हे तोडतात. यूपीव्हीसी उष्णता वाहून नेत नाही, पण मऊ म्हणून जाड. जर्मनीत हा फरक मोठा, आपल्या 8 अंशांत किरकोळ. जाता जाता, बेळगावात हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात, म्हणून हा धातू आपल्याला घरचा वाटतो. पण ॲल्युमिनापासून एक किलो धातू करायला साधारण 14-15 युनिट वीज लागते, आणि भंगारातला पुन्हा वितळवला तर त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकी. खिडकी ‘वीज वाचवणारी’ ठरवताना हेही धरायला हवं. बारीक चौकटीचं कौतुकही तसं जुनंच. टिळकवाडीतल्या जुन्या बंगल्यांच्या लोखंडी सेक्शनच्या, लांबी भरून काचा बसवलेल्या खिडक्या बघा. आजच्या कॅटलॉगपेक्षा सडपातळ आहेत. गंजल्या, ती गोष्ट वेगळी.

तर ठरलं ते असं. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीला काकांच्या मनासारखी मोठी काच, बारीक काळी चौकट, मधला भाग बंद आणि दोन बाजूंना उघडणारे पल्ले. तिथं उन्हाचा त्रास नाही म्हणावा इतका कमी, आणि मेपासून सूर्य उत्तरेकडून जाऊ लागला तरी लवकरच ढग येतात. उजेड मात्र दिवसभर. दरपत्रकं कोल्हापूरहून आणि बेळगावहून, दोन्हीकडून मागवलीत. सीमाप्रश्न इथंही आहेच.

आज्जीच्या खोलीला दक्षिणेला 4 बाय 4 ची उघडझाप, वर छज्जा. आणि पश्चिमेला? काच आत आणि अडसर बाहेर हवा, एवढं माझ्या हिशोबातून निघालं होतं. कारण ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नसतो, ते बाहेरच थांबवावं लागतं. बाहेरून लावायच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे दर विचारले, काकांचा चेहरा उतरला. आज्जी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "जुन्या सोप्याच्या खिडक्या कुठं टाकल्यासा?"

त्या परड्यात पत्र्याखाली होत्या, भंगारवाल्याशी बोलणी झालेली. सागवानी चौकट, आडवे गज, बाहेर उघडणारी भरीव झडपं. 4 फूट बाय 3 फूट. दुपारी बाराला झडपं ओढून घ्यायची, सूर्य कलला की उघडायची. जुन्या घरात ती आयुष्यभर हेच करत आली होती, आणि आम्ही पोरं त्याला ‘आज्जीनं अंधार केला’ म्हणायचो. सुतारानं टोकरून पाहिलं, एक खालची पट्टी सोडली तर लाकूड शाबूत आहे. बाहेर ती झडपं, मध्ये गज, आत नवे काचेचे पल्ले, आत उघडणारे. पावसाळ्यात झडपं उघडी आणि काच बंद, उजेड आहेच. दोन्ही खिडक्या मिळून पंचवीस चौरस फूट उघडतात, संहितेपेक्षा जास्त.

उंचीवर मात्र वाद झाला. गवंड्यानं नेहमीप्रमाणं अडीच फुटांवर खालची कड घेतली होती. पण आज्जीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि झडप ओढायला हात गजांतून बाहेर काढावा लागतो. तिला पलंगावर बसवून मोजलं. खालची कड पावणेदोन फुटांवर घेतली आणि कडी झडपेच्या खालच्या टोकाला. भिंतीचे दोन थर काढावे लागले, काका तेवढे कुरकुरले.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आत उघडणारे काचेचे पल्ले आणि मध्ये गज, मग डासांची जाळी नेमकी कुठं बसवायची, आणि जाळी असताना हात बाहेर कसा काढायचा? फॅब्रिकेटर रविवारी येतोय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या झडपांना जाळी बसवलेली असेल, तर फोटो पाठवा. शक्यतो शनिवारच्या आत.